भिंतीच्या शोधात चित्रकार

भाईंदर स्थानकावरील सकाळची गर्दी ओसरली म्हणजे चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीच्या मालडब्यात कधी कधी एक निराळे ओझे चढताना दिसते. जुन्या चादरीत गुंडाळलेले, सुतळीने आवळलेले आणि जवळजवळ पुरुषभर उंचीचे हे चौकोनी ओझे भाजीच्या पाट्या व मासळीच्या टोपल्या यांच्यामध्ये उभे करून धरावे लागते. मासळीचे पाणी लागू नये म्हणून त्याचा धनी ते पायाच्या चवड्यावर टेकवून उभा असतो. शेजारच्याने विचारलेच, तर ‘आरसा आहे’ असे सांगून तो मोकळा होतो. कारण आरसा म्हटले की लोक जपून वागतात. वास्तविक ते चित्र असते, आणि ते शहराच्या दक्षिण टोकाकडे एखाद्या भिंतीवर टांगण्यासाठी निघालेले असते.

भाईंदर ते चर्चगेट हे अंतर लोहमार्गाने सुमारे ४३ किलोमीटर भरते. जेथे चित्र काढले जाते ते घर आणि जेथे ते पाहिले जाते ती भिंत यांच्यामध्ये मुंबईत आज साधारणपणे एवढे अंतर पडलेले आहे. कवीला आपली कविता चार मित्रांना वाचून दाखविता येते, गवयाला एखाद्या दिवाणखान्यात बैठक जमविता येते. चित्रकाराची गोष्ट वेगळी. त्याच्या कृतीला भिंत लागते, त्या भिंतीवर पुरेसा उजेड लागतो, आणि त्या उजेडात येऊन उभी राहणारी अनोळखी माणसे लागतात. ही तिन्ही एकत्र आणून देणारे ठिकाण म्हणजे कलादालन. मुंबईत अशी ठिकाणे कशी निर्माण झाली, ती कोणी उघडली आणि कोणासाठी उघडली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्याचे सार थोडक्यात असे सांगता येईल, की येथील प्रत्येक नवी भिंत जुन्या भिंतीवर जागा न मिळालेल्या माणसांमुळे उभी राहिली.

मुंबईत चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते सन १८५७ मध्ये. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा निघाली आणि पुढे ती त्यांच्याच नावाने विख्यात झाली. परंतु शाळा चित्र काढावयास शिकवी. ते दाखवावे कोठे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. त्या प्रश्नाला पहिले व्यवस्थित उत्तर मिळावयास आणखी तीस वर्षे लोटली. सन १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली आणि वार्षिक प्रदर्शनाची प्रथा पडली. आरंभी या संस्थेत गोऱ्या अधिकाऱ्यांचा व हौशी चित्रकारांचाच भरणा होता. तथापि एतद्देशीय कलावंतांनी आपल्या गुणांच्या बळावर तेथे प्रवेश मिळविला. कोल्हापूरहून शिकावयास आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांना सन १८९५ मध्ये या संस्थेचे सुवर्णपदक लाभले. पुढे १९३७ साली अमृता शेरगिल यांच्या तीन तरुणींच्या चित्रालाही तोच मान मिळाला.

वार्षिक प्रदर्शनाची रीत अशी, की चित्रकाराने ठरावीक मुदतीत चित्र पाठवावे, परीक्षक मंडळाने ते पाहावे आणि स्वीकारावे किंवा परत करावे. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिच्यात वशिल्यावाचूनही नाव होण्याची सोय आहे. खेड्यातून आलेला, हातात पैसा नसलेला विद्यार्थी एका चित्राच्या बळावर थोरांच्या पंक्तीला बसू शकतो. पण तिचा दोषही त्यातच आहे. मंडळ ज्या वळणाचे चित्र चांगले मानते, त्या वळणाबाहेरचे चित्र दारातूनच परतते, आणि परतलेले चित्र वाईट होते की केवळ नवीन होते, याचा निवाडा करावयास दुसरे न्यायालय नसते.

पॅरिसमध्ये हाच पेच यापूर्वी पडला होता. तेथील सरकारमान्य प्रदर्शनाने इतकी चित्रे नाकारली, की सन १८६३ मध्ये खुद्द बादशहाच्या आज्ञेने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवावे लागले. पुढे १८७४ साली मोने, रेन्वार, देगा आदी चित्रकारांनी परीक्षकांची वाट पाहण्याचेच सोडून दिले आणि नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेत आपली चित्रे आपणच मांडली. आज जगभर ज्यांच्या चित्रांसमोर रांगा लागतात, त्यांची पहिली भिंत एका छायाचित्रकाराची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईतही थोड्याफार फरकाने असेच घडले. १९१८ साली येथील कलावंतांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही दुसरी संस्था काढली, आणि एका भिंतीच्या दोन भिंती झाल्या.

यानंतरचा महत्त्वाचा काळ म्हणजे दुसरे महायुद्ध आणि त्याच्या आगेमागेची वर्षे. युरोपातील छळामुळे परागंदा झालेली काही सुविद्य माणसे या सुमारास मुंबईत स्थायिक झाली. वृत्तपत्राच्या कलाविभागात काम करणारे वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर ही त्यांतील प्रमुख नावे होत. युरोपात नव्या चित्रकलेने काय काय उलथापालथ केली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे मुंबईतील धडपडणाऱ्या मुलांच्या चित्रांत त्यांना जे दिसले, ते इतरांना दिसावयास पुष्कळ वेळ लागला. कृष्णाजी हौळाजी आरा हे या मुलांपैकी एक. घरगड्याचे आणि मोटारी धुण्याचे काम करून त्यांनी पोट भरले व फावल्या वेळात चित्रे काढली. त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९४० नंतरच्या दशकात भरले, ते चेतना या उपाहारगृहात. पॅरिसच्या नवचित्रकारांना छायाचित्रकाराने जागा दिली, मुंबईच्या आरांना जेवणाऱ्या मंडळींनी दिली!

याच काळात केकू गांधी नावाच्या एका पारशी तरुणाने चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा धंदा काढला. १९४१ साली सुरू झालेल्या या धंद्याचे नाव ‘केमोल्ड’. चौकट विकावयाची तर तिच्यात काही तरी बसवून दाखवावे लागते. गांधी यांनी दुकानाच्या दर्शनी काचेमागे तरुण चित्रकारांची चित्रे मांडावयास आरंभ केला. रस्त्याने जाणारा माणूस चौकट पाहावयास थांबे आणि चित्र पाहून पुढे जाई. मुंबईतील एका विख्यात कलादालनाचा उगम असा दुकानाच्या काचेत झाला.

सन १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृ. हौ. आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे या सहा जणांनी एकत्र येऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यांतील एकही जण घरचा श्रीमंत नव्हता. सूझांना कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते, आणि हुसेन सिनेमाच्या जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवून दिवस काढीत होते. त्याच वर्षी हुसेन यांचे ‘सुनहरा संसार’ हे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात लागले. दोन वर्षांनी, १९४९ साली, या मंडळींचे एकत्रित प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले. स्थळ होते रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीचे दालन. ज्या जुन्या संस्थेच्या अभिरुचीविरुद्ध या तरुणांनी दंड थोपटले, तिच्याच भिंतीवर त्यांनी आपले बंड टांगले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. शहरात दुसरी भिंतच नव्हती. बंडखोराला नवी जागा हवी असते. ती नसली तर तो जुन्याच घरात बंड करतो. अल्पावधीतच हा गट पांगला. १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझांनी पॅरिस गाठले, आणि पुढच्याच वर्षी बाकरेही लंडनला रवाना झाले. मुंबईत पुरेसा वाव असता, तर यांपैकी कोणी थांबले असते का, हे सांगता येत नाही. पण प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही.

मुंबईला सार्वजनिक म्हणावी अशी पहिली प्रशस्त भिंत लाभली ती २१ जानेवारी १९५२ रोजी. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, आणि मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी तिचे उद्घाटन केले. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला होता. दर्शनी भागी काँक्रीटचा लहरदार छज्जा असलेल्या त्या इमारतीत कोणीही यावे, तिकीट नाही, ओळख नाही, अशी मुभा होती, आणि आजही आहे. पावसात अडकलेला कारकून, सुटीत हिंडणारा विद्यार्थी, पाहुण्यांना मुंबई दाखवावयास निघालेले कुटुंब अशी सर्व प्रकारची माणसे तेथे चित्रासमोर येऊन उभी राहू लागली. १९६४ साली तेथे ‘समोवार’ हे छोटे उपाहारगृह निघाले. २०१५ साली ते बंद होईपर्यंत चित्रकार, नट, कवी आणि वार्ताहर यांच्या कित्येक पिढ्या तेथील चहावर वाढल्या.

जहांगीरचे दालन चित्रकाराला थोड्या दिवसांच्या मुदतीने भाड्याने मिळते. अर्ज करावयाचा, कामाचे नमुने द्यावयाचे, समितीने पसंत केले म्हणजे क्रमांकाची वाट पाहावयाची. ही वाट पाहणे काही वर्षांचे असते. जी भिंत सर्वांना हवी, तिच्यापुढे रांग लागणारच. दालनाबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणारी मंडळी पाहिली, की त्या रांगेची लांबी वेगळी सांगावी लागत नाही. आतल्या आणि बाहेरच्या चित्रांत एका भिंतीचेच अंतर असते. पण ते ओलांडावयास कित्येकांना अर्धे आयुष्य लागते.

म्हणून पन्नासाव्या व साठाव्या दशकांत खाजगी उपक्रमांची गरज भासू लागली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत कलावंतांना नाममात्र भाड्यात काम करावयास जागा मिळे. गिरगावातील चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे तेथे चित्रे काढीत. हुसेनही तेथेच असत. इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी आणि रविशंकरांचे सतारीचे वर्ग त्याच छपराखाली चालत. १९५९ साली बाळ छाबडा यांनी या वास्तूत ‘गॅलरी ५९’ नावाचे दालन काढले. ते फार दिवस टिकले नाही. पण चित्रकाराने भाडे भरण्याऐवजी दालन चालविणाऱ्यानेच चित्रकाराच्या भवितव्यावर पैसा लावावा, ही कल्पना त्यातून रुजली. चार वर्षांनी, १९६३ साली, तिला फळ आले. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली, आणि त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी सुरू झाली.

स्वतंत्र कलादालन म्हणजे चित्रांचे दुकान, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची नाही, पण अपुरी आहे. दुकानदार गिऱ्हाईक ज्याला मागणी करतो तो माल ठेवतो. चांगला दालनचालक मात्र ज्याला अद्याप मागणी नाही असा माल ठेवतो आणि गिऱ्हाईक तयार होईपर्यंत धीर धरतो. भाड्याच्या दालनात चित्रकार पैसे भरून जागा घेतो; विक्री झाली नाही तर नुकसान त्याचे. खाजगी दालनात जागा, छापील पुस्तिका, वाहतूक आणि निमंत्रणे यांचा भार बहुधा दालन उचलते, व त्याबद्दल विक्रीतील तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वाटा घेते. हा वाटा ऐकून नवख्या चित्रकाराचे डोळे विस्फारतात. परंतु ज्या प्रदर्शनात एकाही चित्राखाली लाल टिकली लागत नाही, तेही दालनाला त्याच खर्चात पार पाडावे लागते. अशी चार प्रदर्शने पोटात घालून पाचव्या वेळी त्याच चित्रकाराला पुन्हा बोलावणारा माणूस विरळा असतो. मुंबईच्या कलेचा इतिहास अशा विरळ माणसांच्या चिकाटीवर बराचसा उभा आहे.

या संदर्भात एक प्रकरण विशेष सांगण्याजोगे आहे, आणि तेही याच पश्चिम लोहमार्गावरचे आहे. भाईंदरची खाडी ओलांडून गाडी उत्तरेस गेली, म्हणजे वसई, विरार, पालघर ही स्थानके घेत ती डहाणूस पोहोचते. तेथील वारली पाड्यांत लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची प्रथा पूर्वापार चालत आलेली आहे. मध्ये पालघाट देवी, भोवती नाचणारी माणसे, झाडे, जनावरे. लिहिणाऱ्या बहुधा सुवासिनी. लग्न झाले, चौकाचे काम संपले. त्याला ना चौकट, ना सही, ना किंमत. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे कलावंत हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या भागात हिंडत असता, गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्या हातची कला त्यांच्या दृष्टीस पडली. मशे हे लग्नकार्याची वाट न पाहता रोज चित्रे काढीत. स्त्रियांच्या मानल्या गेलेल्या या विद्येत एक पुरुष रमला होता आणि विधीबाहेरच्या गोष्टीही रेखाटीत होता. कुलकर्णींनी त्यांना कागद व रंग पुरविले, आणि १९७५ साली मशे यांची चित्रे गॅलरी केमोल्डच्या भिंतीवर लागली. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०११ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले, आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

या घटनेत विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या कलेचा जन्मच भिंतीवर झाला, तिला जगाने पाहावे म्हणून आपली भिंत सोडून कागदावर यावे लागले आणि सव्वाशे किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या भिंतीवर चढावे लागले. या प्रवासात तिने काही मिळविले, काही गमावले. चौकाचे पावित्र्य मागे राहिले. पण मशे हे नाव पुढे आले, आणि वारली माणसाला आपल्या रेषेचा मोबदला मागण्याचा अधिकार आला. दालनाने कलेचे भले केले की बुरे, याचे एका शब्दात उत्तर देणे कठीण. एवढे मात्र निश्चित, की कुलकर्णी गंजाडपर्यंत गेले नसते, तर ही भेट घडलीच नसती. कलावंत दाराशी येण्याची वाट न पाहता जो त्याच्या दाराशी जातो, तोच खरी संधी निर्माण करतो.

यानंतरच्या काळात मुंबई उत्तरेकडे आणि पूर्वेकडे वाढली, आणि तिच्याबरोबर चित्रकारही सरकले. दक्षिण मुंबईतील भाडी परवडेनात, म्हणून कलाशाळेतून बाहेर पडलेली मुले दूरच्या उपनगरांत खोल्या शोधू लागली. घाटकोपरला जन्मलेले अतुल डोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ साली केमोल्डमध्ये भरले. पण त्यांनी घाटकोपर सोडले नाही. २००१च्या सुमारास त्यांनी दुकानांना असतात तसल्या वर गुंडाळावयाच्या लोखंडी दारांवर चित्रे रंगविली. दार खाली ओढले की एक चित्र, वर सरकविले की आत दुसरे. उपनगरातल्या बाजारपेठेत रोज सकाळी ऐकू येणारा तो खडखडाट या चित्रांनी कलादालनात आणला. सुधीर पटवर्धन यांनी १९७५पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले, आणि त्याच ठाण्याचे रस्ते, पूल, इमारती आणि थकली-भागली माणसे रंगविली. ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’ ही त्यांच्या चित्रांची नावेच बोलकी आहेत. ज्या गावांना चित्राचा विषय होण्याची सवय नव्हती, ती गावे त्यांच्यामुळे मोठ्या दालनांत पोहोचली. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा आढावा घेणारे प्रदर्शन भरले.

पटवर्धनांचे आणखी एक काम या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. २००८ साली त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचे फिरते प्रदर्शन सिद्ध केले. महाराष्ट्रातील ज्या शहरांत मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रे कधी आलीच नव्हती, तेथे ती नेऊन मराठी प्रेक्षकांसमोर मांडली गेली. छापील चित्र पाहणे आणि मूळ चित्र पाहणे यांतील फरक ज्याने एकदा अनुभवला, त्याला तो पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. रंगाचा थर, कुंचल्याचा फटकारा, चित्राचे खरे आकारमान यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. चित्र भाईंदरहून चर्चगेटला नेता येते, तसे ते चर्चगेटहून बाहेरही नेता येते, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

शहरातही नव्या तऱ्हेची ठिकाणे निघाली. १९९९च्या सुमारास काही तरुण कलावंतांनी ‘ओपन सर्कल’ नावाचा गट काढून दालनांच्या चार भिंतींबाहेर उपक्रम केले. २०१० साली रीगल चित्रपटगृहासमोर क्लार्क हाउस येथे कलावंतांच्या सहकाराने चालणारी एक जागा सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावी कोळशाच्या खाणीच्या सान्निध्यात वाढलेले प्रभाकर पाचपुते यांचे पहिले एकल प्रदर्शन २०१२ साली तेथेच भरले. खाणकामगारांचे आयुष्य त्यांनी रेखाटले ते कोळशाने. पुढे अनेक ठिकाणी त्यांनी सरळ भिंतीवरच चित्रे काढली. प्रदर्शन संपले की ती पुसली जात. पाचपुते यांनी एकप्रकारे वारली सुवासिनींचीच रीत नव्याने आचरली, असे म्हणावयास हरकत नाही. २०२१ साली वेल्समधील आर्टेस मुंडी हा मानाचा पुरस्कार सहा कलावंतांना विभागून देण्यात आला. त्या सहांत त्यांचे नाव होते.

याच २०१२ साली दालनांनी एकत्र येऊन ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ सुरू केला. त्या दिवसांत बहुतेक खाजगी दालने एकाच वेळी नवी प्रदर्शने उघडतात, आणि प्रेक्षक एकातून दुसऱ्यात पायी हिंडू शकतात. पायी हिंडता येते याचे कारण उघड आहे. यांतील बरीचशी दालने कुलाबा, फोर्ट आणि काळा घोडा एवढ्या टापूतच दाटीने वसलेली आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटीने वांद्र्यास स्वतःची वास्तू उभारली, ‘द गिल्ड’ हे कुलाब्यातील दालन अलिबागेकडे गेले, ठाण्यास महापालिकेचे कलाभवन झाले. तरीही नकाशावर पाहिले तर मुंबईच्या कलेचा दिवा अजूनही दक्षिण टोकालाच जळतो.

आता मीरा-भाईंदरकडे वळले पाहिजे. एके काळी मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे यांचा हा प्रदेश. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११च्या शिरगणतीत येथील वस्ती आठ लाखांवर गेली. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तेव्हा साऱ्या मुंबई शहराची लोकसंख्याही याहून फार मोठी नव्हती. तेवढ्या वस्तीच्या मुंबईने वार्षिक प्रदर्शन भरविण्याइतकी हौस दाखविली होती. मग आजच्या मीरा रोडला आणि भाईंदरला ती का दाखविता येऊ नये?

येथल्या तरुण चित्रकाराला संधी नाहीत असे नव्हे. बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शने आहेत. विद्यार्थ्यांसाठी व व्यावसायिकांसाठी राज्य कला प्रदर्शन आहे. जहांगीरमध्ये पावसाळ्यात नवोदितांचे प्रदर्शन भरते. आणि खाजगी दालने नव्या कामाच्या शोधात असतात. या सर्व वाटांनी जाण्यासाठी अर्ज नीट भरावा लागतो, कामाची छायाचित्रे चांगली काढावी लागतात, आणि नकार आला तर दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवावे लागते. मुलाच्या चित्रकलेला छंद म्हणून कौतुकाने पाहणारे आणि व्यवसाय म्हणताच गप्प होणारे आईवडील घरोघर आहेत. त्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे, की नकार हा या मार्गावरचा नेहमीचा मुक्काम आहे. तो हुसेनांना घडला, आरांना घडला, पॅरिसच्या थोरांनाही घडला.

परंतु भिंत केवळ चित्रकाराने मागून उभी राहत नाही. तिच्यासमोर उभा राहणारा माणूसही लागतो. सुशिक्षित मराठी कुटुंब नाटकाला तिकीट काढून जाते, गाण्याला रात्र जागवते, ग्रंथालयाची वर्गणी भरते. कलादालनाच्या काचेच्या दारापाशी मात्र त्याचे पाय अडखळतात. आत गेले तर विकत घ्यावे लागेल का, कोणी अर्थ विचारील का, न समजता बाहेर पडले तर हसे होईल का, अशा शंकांनी ते पुढच्या दुकानाकडे वळते. या शंका निराधार आहेत. दालनात बहुधा मूल्य पडत नाही, आणि चित्र पाहून काही न बोलता बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. भाद्रपदात गणपतीच्या मूर्तीची मान किंचित वाकडी झाली तरी ज्याच्या ध्यानात येते, त्या माणसाला डोळा नाही असे कोण म्हणेल? त्या डोळ्याला वर्षातून दहा दिवसांऐवजी थोडे अधिक काम द्यावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

आरांना उपाहारगृह पुरले, गांधींना चौकटीच्या दुकानाची काच पुरली, छाबडांना एका संस्थेतील खोली पुरली. मीरा-भाईंदरला संगमरवरी वास्तूची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. रस्त्यालगतचा एखादा रिकामा गाळा, शाळेचे सुटीतले सभागृह किंवा गृहसंस्थेची तळमजल्यावरची खोली पांढरी रंगवून चार दिवे लावले, तर काम सुरू होण्यासारखे आहे. कोणी तरी केव्हा तरी ते करील. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव तसेच सांगतो. त्या दिवशी चित्रकाराचे मालडब्यातले ४३ किलोमीटर वाचतील. मात्र गाळ्याचे लोखंडी दार वर सरकल्याचा आवाज झाला म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडांनी खाली उतरून आत डोकावले पाहिजे. तेवढे झाले नाही, तर ते चित्र पुन्हा चादरीत गुंडाळले जाईल आणि दक्षिणेकडे जाणारी गाडी धरील.